उंबऱ्याच्या आतलं वर्ष

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. शिकायला परदेशी गेलेल्यांनीही पुष्कळ लिहून ठेवलं आहे. विद्यापीठाच्या इमारती, ग्रंथालयं, पहिला बर्फ, भुयारी रेल्वे, सगळं त्यात सापडतं. सापडत नाही ते घर. सकाळी न्हाणीघरात आधी कोणी जायचं, रात्रीची भांडी कोणी घासायची, घरातल्या आजोबांचा राग कशानं जायचा, हे लिहिणारे थोडे. बहुतेक जण वसतिगृहात नाहीतर भाड्याच्या खोलीत राहिले आणि परक्या देशातला संसार त्यांनी रस्त्यावरूनच पाहिला. पंडिता रमाबाई हा मोठा अपवाद. १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या राज्यकारभाराइतकंच तिथल्या गृहस्थितीकडे आणि बायकांच्या जगण्याकडे लक्ष दिलं आहे. पुढे ती वाट फारशी कोणी चालवली नाही.

या संग्रहात मुख्यतः दोन प्रकारची माणसं लिहितात. सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी या भागातून पंधराव्या-सोळाव्या वर्षी निघून परदेशातल्या अनोळखी कुटुंबात शाळेचं एक वर्ष काढलेली मुलंमुली, आणि तशीच परदेशी मुलं आपल्या घरात ठेवून घेतलेली इथली कुटुंबं. काही लेख त्या परदेशी मुलांचे आणि मुलं पाठवणाऱ्या आयांचेही आहेत. मला दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत. आमच्याकडे ब्राझीलची एक मुलगी राहून गेली आणि माझी भाची जर्मनीत एका घरी राहून आली. संपादकांनी प्रस्तावना लिहायला सांगितलं तेव्हा मी सगळे लेख एकदा सलग वाचले, आणि बरीच वर्षं मनात असलेलं एक मत पक्कं झालं. या वर्षात मूल काय शिकतं, हे ते कुठल्या देशात गेलं यावर फारसं ठरत नाही. कुठल्या घरात गेलं, आणि त्या घरानं त्याला किती दिवस पाहुणा ठेवलं, यावर ते ठरतं. पाहुणचार जितक्या लवकर संपेल तितकं ते वर्ष चांगलं जातं.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट आपण पहिल्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट म्हणून वाचतो. ती एका यजमान घराचीही गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात याच भागात, कोल्हापुरात झाली. त्यांचे पती गोपाळराव तिथे टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. ते पत्र अमेरिकेत निघणाऱ्या एका मिशनरी मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहत असताना वाचलं. ओळख ना देख, पण त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या मुलीला पत्र पाठवलं. पत्रं वाढली. एकमेकींना पाहण्याच्या आधीच त्या मावशी-भाची झाल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घ्यायला आल्या होत्या.

वय अठरा. नवरा सोबत नाही. शाकाहार सोडायचा नाही, धर्म बदलायचा नाही, हे निघतानाच ठरलेलं. कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने त्या रोझेलच्या घरात राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. कार्पेंटर कुटुंबातली माणसं जिथे विसावली आहेत तिथेच कल्याणच्या या मुलीचाही दगड आहे. यजमान घर म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी आधी हे सांगते.

आपल्याकडेही शिकणाऱ्या मुलाला घरानं सांभाळायची रीत होती. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. काही माधुकरी मागून राहत. या रीतीनं हजारो मुलं शिकली आणि तिचं ऋण मराठी समाजानं कधी नाकारू नये. पण वारकऱ्याला, म्हणजे वारानं जेवणाऱ्या मुलाला, त्या घरात ताट मिळायचं. घर मिळायचं नाही. जेवण झालं की तो उठून जायचा. घरात आज भांडण झालं का, पैशांची ओढ आहे का, मुलीचं लग्न का जमत नाही, यातलं त्याला काही कळायची सोय नव्हती, आणि कळलं तरी ते त्याचं नसायचं. कार्पेंटरबाईंनी दिलं ते याहून वेगळं होतं.

पुढे या गोष्टीला संस्थांचं रूप आलं. डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थानं १९३२ मध्ये 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' सुरू केलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं अमेरिकन मुलांना स्वित्झर्लंडमध्ये युरोपियन मुलांबरोबर शिबिरात एकत्र ठेवलं. मग शिबिर मागे पडलं आणि घरं आली, आणि आज ज्याला सगळे 'होमस्टे' म्हणतात ती पद्धत तिथून रुळली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. शिबिरात मुलं मुलांना भेटतात आणि आपापल्या भाषेच्या घोळक्यात परततात. घरात तशी सोय नसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एएफएस ही संघटना होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिनं रुग्णवाहिका सोडून शाळकरी मुलांचं काम हाती घेतलं, आणि १९४७ मध्ये दहा देशांतली बावन्न मुलं अमेरिकेतल्या घरांत राहायला आली. १९५१ मध्ये पंच्याहत्तर जर्मन मुलंमुली मिशिगन राज्यातल्या कुटुंबांत उतरली; त्यातून 'यूथ फॉर अंडरस्टँडिंग' उभी राहिली. ही तारीख जरा थांबून पाहावी. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. ज्या घरातला कोणी जर्मनांशी लढून आला असेल, त्याच्याच जेवणाच्या टेबलावर जर्मन मूल बसवायचं, ही सोपी गोष्ट नव्हती. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, अमेरिकेनं 'यस' ही शिष्यवृत्ती सुरू केली, ती मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतल्या मुलांसाठी. भारतातली मुलंही तिच्यावर गेली आहेत. प्रत्येक वेळी एखादं मोठं भांडण झालं की शहाण्या माणसांना मुलं दुसऱ्याच्या घरी पाठवायचं सुचलं आहे.

आपल्या भागात हे काम मुख्यतः रोटरीनं केलं, आणि या संग्रहातली बहुतेक मुलं रोटरीच्याच अदलाबदलीतून गेली-आली. पंधरा ते एकोणीस हे वय. वर्षभरात सहसा दोन-तीन घरं बदलतात. यजमानाला पैसे मिळत नाहीत; मुलाला हातखर्चाला थोडी रक्कम स्थानिक क्लब देतो, विमानाचं तिकीट आणि विमा पालकांचा. अमेरिकेतही अशा अदलाबदलीतली शाळकरी मुलं ठेवणाऱ्या घराला मोबदला देत नाहीत, करात महिन्याला पन्नास डॉलरपर्यंत वजावट तेवढी मिळते. रोटरीच्या मुलांना दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना बंदी. आमच्याकडे मुलगी आली तेव्हा पोलिसांचा 'फॉर्म सी' भरायचा होता, नोंदणी कार्यालयात हेलपाटे होते, आणि तिथल्या हवालदारांनी विचारलं होतं, "तुमची कोण लागते?" नात्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं.

या कार्यक्रमांत एक कागद असतो, तो मला सगळ्या नियमावलीपेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्या रात्री मुलानं यजमानांना विचारायच्या प्रश्नांची ती यादी आहे. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? सकाळी किती वाजता उठायचं? कपडे मी धुवायचे की कोणाकडे द्यायचे? अंघोळीला किती वेळ चालेल? फ्रिजमधलं न विचारता घेतलं तर चालेल का? घरात कोणाला कशाचा राग येतो? रात्री दार लावून झोपू का? कागद फार साधा आहे. पण आपल्यापैकी कितींच्या घरात हे नियम कोणी कधी मोठ्यानं उच्चारले आहेत? ब्राझीलची मुलगी आली त्या रात्री आम्ही चौघं जेवणानंतर बसलो. ती इंग्रजीत एकेक प्रश्न वाचत होती, आणि आम्ही उत्तर देण्याआधी एकमेकांकडे पाहत होतो. फ्रिजच्या प्रश्नावर माझ्या नवऱ्याचं आणि सासूबाईंचं उत्तर वेगळं निघालं. एवढी वर्षं एका घरात राहून ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

पहिले काही महिने मात्र आम्ही तिला घरात येऊच दिलं नाही, असं आता वाटतं. म्हणजे खोली दिली, नवी चादर दिली, रोज एक गोड पदार्थ. तिनं ताट उचललं की हातातून घ्यायचं. शेजारपाजारच्यांनी जेवायला बोलवायचं, गणपती मंडळानं आरतीला, शाळेनं बक्षीस समारंभाला. शाल, नारळ, फोटो. ती पोळी संपवायची आणि ताटात दुसरी पडायची. ब्राझीलमध्ये भात आणि घेवड्याची आमटी रोजच्या जेवणात असते, त्यामुळे वरणभाताशी तिचं लगेच जमलं होतं. ती दमली होती ती आग्रहानं. या संग्रहातल्या परदेशी मुलांपैकी जवळजवळ प्रत्येकानं पहिल्या महिन्याबद्दल हेच लिहिलं आहे: सगळे खूप चांगले होते, आणि मी खूप एकटा होतो.

आमच्याकडे हे पाण्यावरून बदललं. ब्राझीलची माणसं दिवसातून दोनदा-तीनदा अंघोळ करतात, आणि शॉवरखाली. आमच्या भागात नळाला पहाटे पाणी येतं, तासा-दीड तासात जातं. तेवढ्यात मोटर लावून गच्चीवरची टाकी भरून घ्यायची आणि ती दिवसभर पुरवायची. मार्चच्या एका संध्याकाळी टाकी कोरडी पडली. सासूबाई देवापुढे दिवा लावायला हातपाय धुवायला गेल्या आणि नळातून फुस्स आवाज आला. त्या तिच्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि मराठीत, जशा नातवाला बोलल्या असत्या तशा, बोलल्या. "टाकी काय तुझ्या एकटीची आहे? पाच माणसं राहतात या घरात!" तिला अर्धंच कळलं असेल, पण सूर कळला. मी मध्ये पडणार होते, नवऱ्यानं मला खुणेनं थांबवलं. रात्री ती जेवली, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला मोटरच्या आवाजानं जाग आली. ती उठून गच्चीवर गेली होती. एका हातात टॉर्च, टाकीचं झाकण बाजूला, पाणी कितीपर्यंत आलं ते वाकून बघत होती. वरून खाली ओरडून म्हणाली, "आजी, बंद!" आणि सासूबाईंनी खालून बटण बंद केलं. त्या दिवसापासून मोटर त्या दोघींची झाली. बादलीत पाणी काढून तांब्यानं अंघोळ करायला सासूबाईंनीच तिला शिकवलं. दुपारी दोघी गवार मोडत बसायच्या. बोलणं काय होतं ते मला कधी नीट कळलं नाही, पण गवारीच्या शिरा बिनचूक निघायच्या. आग्रह थांबला. पोळी हवी असली की ती मागायची.

माझ्या भाचीचं जर्मनीत याच्या नेमकं उलट झालं. हॅनोव्हरजवळच्या एका लहान गावात, आई-वडील दोघंही नोकरी करणारे, दोन शाळकरी मुलं, अशा घरात ती राहिली. पहिल्या संध्याकाळी जेवायला पाव, चीज, काकडी, लोणी. घरातल्या बाईंनी विचारलं, अजून घेतेस का? आपल्याकडच्या वळणाप्रमाणे ती नको म्हणाली आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहत बसली. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. पावाची टोपली उचलली गेली. ती उपाशी झोपली आणि रात्री तिनं आईला फोन केला की इथे जेवायला देत नाहीत. पण पहिल्या आठवड्यातच तिला एक काम मिळालं होतं, ते आमच्या घरच्या मुलीला मिळायला महिने लागले: संध्याकाळी साडेसहाचं टेबल तिनं लावायचं. कचऱ्याचे डबे वेगळे, पिवळ्यात वेष्टनं, निळ्यात कागद, तपकिरीत भाज्यांची सालं. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत टाकायच्या, एकेका बाटलीचे पंचवीस सेंट मिळतात, ते घरातल्या धाकट्या मुलाचे. रविवारी दुकानं बंद, आणि दुपारी भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. डिसेंबरच्या सहा तारखेच्या सकाळी, तिथल्या सणाच्या रीतीप्रमाणे, तिच्या बुटांतही सुकामेवा आणि चॉकलेट निघालं, घरच्या दोन मुलांच्या बुटांत होतं तेवढंच.

जानेवारीत तिच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली. बाहेर गोठवणारी थंडी, म्हणून तिनं आल्यापासून खिडकी घट्ट लावून घेतली होती. तिथे तशा थंडीतही रोज सकाळी खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घरात वारा खेळवतात. श्वासाची आणि अंघोळीची वाफ बाहेर गेली नाही तर भिंती ओलावतात. घरातल्या वडिलांनी तिला भिंतीजवळ उभं केलं, आर्द्रता दाखवणारं लहानसं यंत्र हातात दिलं, खिडकी उघडली आणि आकडा उतरताना दाखवला. मग स्पिरिटची बाटली आणि फडकं दिलं. बुरशी तिनं पुसली. रागावलं कोणी नाही, पण पुसूनही कोणी दिली नाही. भाचीच्या लेखात हा प्रसंग आहे. त्यावर तिनं कसलंही भाष्य केलेलं नाही, म्हणून मी इथे एवढंच म्हणते की तो दोनदा वाचावा.

फोनबद्दल मात्र मला सविस्तर बोललं पाहिजे, कारण आजच्या मुलांचं वर्ष त्यावरच घडतं किंवा बिघडतं. ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे वर्ष काढलं त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय टपालाची पत्रं होती. रडू आलं की ते पत्रात लिहायचं, पत्र पोचेपर्यंत रडू ओसरलेलं असायचं, आणि तोवर त्या घरातल्या कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकावं लागायचं. आता आई खिशात असते. माझी बहीण रोज रात्री दहाला भाचीला व्हिडिओ कॉल करायची. तिकडे तेव्हा हिवाळ्यातले साडेपाच वाजलेले, शाळेतून येऊन घरची मुलं स्वयंपाकघरात गोळा व्हायची वेळ. भाची खोलीत दार लावून सांगलीशी बोलायची आणि बाहेर हसण्याचे आवाज चालू असायचे. नोव्हेंबरात त्या घरच्या बाईंनी बहिणीला एक ईमेल लिहिलं. अतिशय आदरानं, पण स्पष्ट: फोन रविवारी करा, बाकीचे दिवस ती आम्हाला द्या. बहीण दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. माझं लेकरू, आणि मला वेळ ठरवून देणार? मग तिनं ते पाळलं. मुलाला परदेशी पाठवणं अवघड आहेच, पण ते तिथे असताना त्याला खरोखर तिथे असू देणं त्याहून अवघड आहे. ज्या आयांनी ते केलं त्यांचे दोन लेख या संग्रहात आहेत, आणि मुलांच्या लेखांपेक्षा ते मला जास्त धीट वाटले.

सगळी घरं चांगली निघत नाहीत. एका घरानं मुलीला लहान मुलांची आया करून ठेवलं होतं. इथल्या एका घरात परदेशी मुलगा म्हणजे घरच्या मुलाचा फुकटचा इंग्रजीचा क्लास झाला होता. कुठे नुसतंच जमत नाही. कोणाचाच दोष नसतो, एक अबोल घर आणि एक बडबडं मूल. अशा वेळी घर बदलायची सोय असते, आणि ती वापरावी. आपल्याकडे घर बदलणं म्हणजे बदनामी असं समजतात, मुलं गप्प बसतात, पालकही सांगतात, जरा सांभाळून घे. यात धोका आहे. अमेरिकेच्या नियमांत यजमान घरातल्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते, घरी जाऊन मुलाखत घ्यावी लागते, समन्वयकाला दर महिन्याला मुलाशी बोलावं लागतं. हे नियम कोणाच्या हौसेखातर आलेले नाहीत. जिथे जिथे मूल परक्या छपराखाली झोपतं तिथे त्याच्याजवळ घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाचा नंबर असलाच पाहिजे, आणि त्या माणसानं पहिल्या फोनला विश्वास ठेवला पाहिजे.

आपल्या घरांची आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. गोऱ्या मुलांना घरं पटकन मिळतात. मूल कुठल्या देशाचं हे कळण्याआधी ते दिसायला कसं, हे विचारणारे फोन मी स्वतः ऐकले आहेत. मांसाहार, अंडी, वेगळी भांडी यांवरूनही घरं मागे सरतात. त्यातल्या काहींची अडचण खरी असते, काहींची नसते. इचलकरंजीच्या एका आजींनी पाळीबद्दल लिहिलं आहे. त्यांच्याकडच्या फ्रेंच मुलीनं विचारलं की चार दिवस देवघरात का यायचं नाही. आजी उत्तर शोधत होत्या, आणि त्यांची तेरा वर्षांची नात दारात उभी राहून ऐकत होती. नातीनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आजींनी लिहिलं आहे की त्यांना परक्या मुलीच्या प्रश्नापेक्षा नातीच्या गप्प बसण्याचं जास्त वाटलं. पुढे त्या घरात काय ठरलं ते लेखातच वाचावं. संग्रहातला हा सर्वांत चांगला लेख आहे, असं माझं मत आहे.

या अदलाबदलीला पैशाचीही भिंत आहे. विमानाचं तिकीट, विमा, आणि बदल्यात एक मूल ठेवून घ्यायची ताकद, हे सगळं डॉक्टर, कारखानदार, मोठे व्यापारी यांच्याच घरी सहज जमतं. पूर्ण शिष्यवृत्तीवर जाणारी मुलं मोजकी. शिवाय वर्ष वाया जाण्याची भीती. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकालानंतर ऑगस्टमध्ये निघायचं, पुढच्या जूनमध्ये परत, की अकरावी एक वर्ष उशिरा. मित्र पुढच्या वर्गात गेलेले, क्लासच्या बॅचेस सुरू झालेल्या. "वर्ष वाया घालवलंस" हे वाक्य परत आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलानं कोणा ना कोणा नातेवाइकाकडून ऐकलं आहे. मी त्यांना दोष देत नाही. एका वर्षाची किंमत ज्या घरांना खरंच मोजावी लागते, ती घरं मला माहीत आहेत. पण हे वर्ष वाया जात नाही, हे या पानांवर ज्याला दिसणार नाही त्याला मी आणखी काही सांगू शकणार नाही.

परत येण्यावर मुलांनी फार लिहिलेलं नाही, आणि ते मला समजतं. भाची आली तेव्हा तिला घर लहान वाटलं, आवाज मोठे वाटले, आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे तिच्याशी आता कोणीच जर्मन घरातल्या कुत्र्याबद्दल बोलणारं नव्हतं. काही महिने ती जेवताना "अजून हवं का" याला पहिल्यांदाच "हो" म्हणायची, आणि काकू लोक दचकायचे.

संग्रहातले लेख देशांप्रमाणे लावलेले नाहीत. आधी येणाऱ्यांचे, मग ठेवून घेणाऱ्यांचे, असेही नाहीत. शक्य तिथे एकाच घरातल्या दोघांचे लेख लागोपाठ ठेवले आहेत, म्हणजे मुलाला जे भांडण वाटलं ते आईला काय वाटलं हे शेजारीच कळतं. कोणाचीही नावं दिलेली नाहीत. परदेशी मुलांनी मराठीत लिहिलेलं जसंच्या तसं छापलं आहे.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलं येतात. घरं त्याआधी ठरतात, आणि शेवटची काही घरं मिळता मिळत नाहीत. लोकांना वाटतं बंगला हवा, कार हवी, इंग्रजी फाडफाड यायला हवं. लागतं ते इतकंच: वेगळा पलंग, कपाटातला एक कप्पा, मूल शाळेतून येईल तेव्हा घरात असणारं कोणीतरी, आणि चुकलं तर सांगायची तयारी. आपलं घर लहान आहे असं वाटणाऱ्यांनी मिरजेच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचा लेख आधी वाचावा. तीन खोल्यांचं घर, त्यात वडिलांची रात्रपाळी. तैवानहून आलेला मुलगा बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर झोपायचा आणि वडील पहाटे परतले की उठून दार उघडायचा. वर्ष संपताना त्या मुलाचे आईवडील त्याला न्यायला आले. त्यांचं हॉटेल ठरलेलं होतं, ते त्यांनी रद्द केलं आणि आठवडाभर त्याच तीन खोल्यांत राहिले.